दोन आठवड्यांची शिकवणी

१ फेब्रुवारी १९१२ रोजी मुंबईच्या बंदरातून विलायतेला निघालेल्या बोटीवर धुंडिराज गोविंद फाळके नावाचे एक गृहस्थ होते. वय ४१. घरी पत्नी आणि लहान मुले. हातात नोकरी नाही, चालता छापखाना भागीदारांच्या स्वाधीन करून बाहेर पडलेले, आणि खिशात जी काही रक्कम होती ती स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून उभी केलेली. बारा हजारांच्या पॉलिसींवर दहा हजारांचे कर्ज, असा तो व्यवहार होता. मित्र यशवंतराव नाडकर्णी यांचे त्या कामी साहाय्य झाले. ज्या धंद्यासाठी हे सारे चालले होते तो धंदा हिंदुस्थानात तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

दोन महिन्यांनी, १ एप्रिलला, हेच गृहस्थ परत आले. प्रवासाचे दिवस वजा जाता लंडनमध्ये त्यांना मिळाले ते जेमतेम दोन आठवडे. तेवढ्या शिकवणीच्या बळावर त्यांनी वर्षभरात ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. दादासाहेब फाळके हे नाव भारतीय चित्रपटसृष्टीच्या सर्वोच्च पुरस्काराला १९६९ पासून जोडलेले आहे आणि परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या २००९ च्या चित्रपटाने त्यांच्या धडपडीची गोष्ट नव्या पिढीलाही हसतखेळत सांगितली आहे. तथापि, या कथेतील एक प्रश्न बहुधा बाजूला राहतो. चाळिशी ओलांडलेला माणूस दोन आठवड्यांत संपूर्ण नवा व्यवसाय शिकतो, हे घडते कसे? आजकाल मध्यमवयात व्यवसाय बदलू पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शकांची आणि शिबिरांची रेलचेल आहे. १९१२ साली तसे काही नव्हते. मात्र फाळके एकटे शिकले, हा समजही खरा नाही. त्यांना शिक्षक लाभले आणि ते त्यांनी स्वतः शोधून काढले.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. पुढे त्यांना मुंबईत महाविद्यालयात संस्कृत शिकविण्याची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईस आले. शास्त्र्याच्या घरातील मुलाने पोथी सोडून पेन्सिल हाती घ्यावी, ही गोष्ट त्या काळी सहज पचणारी नव्हती. पण धुंडिराजाचा कल ओळखून त्याला १८८५ साली जे. जे. कलाशाळेत चित्रकलेच्या वर्गात घालण्यात आले. तेथून तो थोरल्या भावाच्या आधाराने बडोद्यास गेला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात तेव्हा कलाभवन ही संस्था आकार घेत होती आणि तिचे प्रमुख होते प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. रसायनशास्त्रज्ञ, उद्योगाची दृष्टी असलेले आणि विद्यार्थ्यातील गुण हेरणारे हे गृहस्थ फाळके यांच्या आयुष्यातील पहिले खरे गुरू म्हणावे लागतील.

गज्जरांनी या विद्यार्थ्यासाठी दोन गोष्टी केल्या. कलाभवनातील छायाचित्रणाची खोली व साहित्य त्याच्या हवाली केले आणि त्याला रतलामला पाठविले. तेथे तिरंगी ब्लॉक तयार करणे, छायाशिलामुद्रण आणि काळोख्या खोलीतील रसायनांचे काम यांत मुरलेला एक कारागीर होता. त्याच्या हाताखाली फाळके ही विद्या शिकले. या रतलामच्या मुक्कामाकडे चरित्रकारांचे लक्ष जरा कमीच जाते. परंतु वीस वर्षांनी वॉल्टनच्या स्टुडिओत फिल्म धुण्याची हौदे पाहताना फाळके यांना जे बुचकळ्यात पडल्यासारखे वाटले नाही, त्याचे कारण तेथे शोधावे लागेल. निगेटिव्ह म्हणजे काय, चांदीचे क्षार प्रकाशाला कसे वश होतात, रसायन किती पातळ असावे, हे त्यांच्या बोटांना तेव्हाच ठाऊक झाले होते.

त्यानंतरचा दशकभराचा काळ मात्र वाचताना जीव कष्टी होतो. गोध्र्यास छायाचित्रकार म्हणून दुकान थाटले. १९०० च्या प्लेगने पत्नी आणि अपत्य हिरावून नेले. बडोद्यास परतून पुन्हा कॅमेरा उभा केला, तर फोटो काढल्याने माणसाची शक्ती शोषली जाते व तो लवकर मरतो, अशी लोकांची समजूत आडवी आली. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. एका फिरत्या जर्मन जादूगाराकडून हातचलाखीचे प्रयोग शिकून घेतले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या घरातील ही मुलगी, माहेरची गिरिजा करंदीकर, सासरी सरस्वती झाली. पुढच्याच वर्षी फाळके यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली.

सरकारी नोकरी, नियमित पगार, नवा संसार. कोणीही येथे थांबला असता. फाळके यांनी १९०६ साली राजीनामा दिला आणि लोणावळ्यास छापखाना काढला. जवळच मळवलीला रविवर्म्यांच्या नावाचा शिळाछापखाना होता. घराघरांत भिंतीवर गेलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वतींच्या छपाईचे काम फाळके यांच्या हातून झाले. नंतर छापखाना दादरला आला, भागीदार बदलले, त्याचे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ असे नामकरण झाले आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्या-घेण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. धंदा बहरला होता. परंतु भागीदारांशी खटके उडू लागले आणि एके दिवशी फाळके काहीही न मागता बाहेर पडले.

व्यवसाय बदलणाऱ्या माणसाच्या आयुष्यात असा एक मधला काळ येतो, की जेव्हा जुने सुटलेले असते आणि नवे सापडलेले नसते. फाळके यांचा हा काळ कठीण गेला. दुसरा छापखाना काढून देण्यास लोक तयार होते; त्यांनी ते नाकारले. चाळीस वर्षांचा, नावाजलेला, पण बेकार कारागीर मुंबईत भटकत होता. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर येशू हिंडत होता आणि पाहणाऱ्याच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागली, असे त्यांनी पुढे १९१७ च्या सुमारास लिहिलेल्या लेखांतून सांगितले आहे. दुसऱ्या दिवशी ते पत्नीला घेऊन तोच खेळ पाहण्यास गेले, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नव्या धंद्याची पहिली चर्चा त्यांनी कोण्या सावकाराशी न करता सरस्वतीबाईंशी केली.

त्यानंतर जे झाले त्याला वेड म्हणावे की अभ्यास, हा ज्याच्या त्याच्या मताचा भाग आहे. एक लहानसे चित्रयंत्र आणि फिल्मचे तुकडे मिळवून ते रात्री घरी मेणबत्तीच्या उजेडावर भिंतीवर चित्रे पाडत बसू लागले. दिवसा मुंबईत जेथे जेथे चित्रपट दाखविला जाई तेथे जाऊन तो पाहात. चार-पाच तास रोज पडद्याकडे डोळे लावल्याचा आणि झोप उडाल्याचा परिणाम व्हायचा तो झाला. दृष्टी इतकी क्षीण झाली की काही काळ दिसेनासेच झाले. डॉ. प्रभाकर यांचे उपचार आणि निरनिराळ्या नंबरांचे चष्मे यांमुळे ती परत आली. चित्रकार, छायाचित्रकार, ब्लॉकमेकर अशी सारी ओळख ज्या डोळ्यांवर उभी होती, तेच जाण्याची वेळ आली होती. घरच्यांनी आणि मित्रांनी नाद सोडण्याचा सल्ला दिला असल्यास त्यात नवल नव्हते.

फाळके यांनी या काळात एक शहाणपणाची गोष्ट केली. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, याचा त्यांनी रोकडा हिशेब मांडला. प्रकाश येत होता, रसायने येत होती, नेपथ्य येत होते, पुराणकथा येत होत्या. जादूचे प्रयोग करून झालेले असल्यामुळे पाहणाऱ्याची नजर कशी चकवायची हेही कळत होते. येत नव्हते ते एवढेच : हलत्या चित्राचा कॅमेरा प्रत्यक्ष चालविणे, कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, शेकडो फूट लांबीची पट्टी धुणे आणि तिच्यावरून प्रत काढणे. पुस्तके आणि ‘बायोस्कोप’ हे लंडनचे साप्ताहिक ते मागवीत. परंतु हे काम वाचून येणारे नव्हते. कोणीतरी समोर करून दाखवायला हवे होते. त्यासाठी विलायत.

लंडनमध्ये ओळख ना देख. पिकॅडिली भागातून हिंडताना त्यांना ‘बायोस्कोप’च्या कार्यालयाची पाटी दिसली. आपण वर्गणी भरून वाचतो ते हेच साप्ताहिक, एवढ्या एका धाग्यावर ते सरळ आत गेले आणि संपादक कॅबर्न यांना भेटले. कॅबर्न यांनी आरंभी त्यांना परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. इंग्लंडमध्येच चित्रपट काढणारे कितीजण बुडत आहेत, हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवेल का, असे त्यांचे आक्षेप होते. हे आक्षेप खोटे नव्हते. उष्ण हवेत जिलेटिनचा थर वितळतो, रसायने बिघडतात, हे फाळके यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! पण समोरचा माणूस हौशी नाही, त्याचे प्रश्न कारागिराचे आहेत, हे संपादकाच्या ध्यानात आले असावे. त्यांनी फाळके यांना वॉल्टन-ऑन-थेम्स येथे स्टुडिओ असलेल्या सेसिल हेपवर्थ यांच्याकडे धाडले.

हेपवर्थ हे फाळके यांच्याहून चार वर्षांनी लहान होते. शिष्यापेक्षा गुरू लहान, हे आपल्याकडे तेव्हा काय, आजही जड जाते. वडील जादूच्या कंदिलाचे खेळ करणारे, त्यामुळे हेपवर्थ यांचे बालपण पडदा आणि प्रकाशझोत यांच्या संगतीत गेलेले. १८९७ साली, चित्रपटाचा जन्म होऊन पुरती दोन वर्षे झाली नव्हती तेव्हा, त्यांनी हलत्या छायाचित्रणावर पुस्तक लिहिले होते. फिल्म धुण्याच्या यंत्राचे पेटंट त्यांच्या नावावर होते. १९०३ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ पडद्यावर आणले आणि १९०५ मध्ये ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ हा एका कुत्र्याचा चित्रपट काढला. त्याला मागणी एवढी आली, की प्रती काढून काढून निगेटिव्ह झिजले आणि तो पुन्हा पुन्हा चित्रित करावा लागला. थोडक्यात, फाळके ज्याच्याकडे गेले तो त्या देशातील या विद्येच्या पहिल्या जाणकारांपैकी एक होता. विशेष म्हणजे तोही मूळचा कारागीर. यंत्र खोलून पाहणारा, हात काळे करणारा.

हेपवर्थ यांनी या अनोळखी हिंदी गृहस्थापासून काहीही लपवून ठेवले नाही. स्टुडिओची सर्व दालने त्यांना मोकळी केली. कॅमेरा, धुलाई, छपाई, जोडणी, काचेच्या छताखालील चित्रीकरण, सारे प्रत्यक्ष चालताना दाखविले. शिकविण्याचे शुल्क, करार, अटी यांचा कोठे उल्लेख आढळत नाही. धंद्यातील गुपिते जपण्याचा तो काळ लक्षात घेता हे औदार्य लहान नव्हे. हिंदुस्थानातला हा माणूस आपला प्रतिस्पर्धी होणार नाही, हा हिशेबही त्यामागे असू शकेल. पण मग कॅबर्न यांच्या वेळेचे काय? त्यांना तर त्यात काहीच मिळायचे नव्हते. त्या दोघांच्या सल्ल्याने फाळके यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली. काय घ्यायचे यापेक्षा काय घ्यायचे नाही, हे सांगणारा जाणकार अशा वेळी लाखमोलाचा असतो. मोजक्या पैशांत हौसेने भलतीच यंत्रे घेऊन फसलेले कितीतरी असतील.

मुंबईस परतल्यावर फाळके कुटुंब चर्नी रोडची जागा सोडून दादरच्या ‘मथुरा भवन’ या बंगल्यात गेले. आवारात काचेची खोली उभी राहिली, आत अंधारी खोली झाली. मे महिन्यात कॅमेऱ्याची पेटी येऊन पडली आणि सोबतच्या आराखड्यावरून तो चार दिवसांत जोडून झाला. येथून पुढे शिकाऊ उमेदवार स्वतःच मास्तर झाला. पहिली विद्यार्थिनी सरस्वतीबाई.

तेव्हा कच्ची फिल्म विनाछिद्रांची येई. कॅमेऱ्यातील दाते पट्टीला पुढे ओढतात ते तिच्या दोन्ही कडांच्या छिद्रांत अडकून. ती छिद्रे नेमक्या अंतरावर हवीत; केसाचा फरक पडला तरी पडद्यावर चित्र थरथरते. हे काम अंधारात करावे लागते, कारण उजेड लागला की फिल्म वाया. पूर्ण झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फूट लांबीचा होता. एका फुटात सोळा चौकटी आणि प्रत्येक चौकटीस दोन्ही कडा मिळून आठ छिद्रे, असा हिशेब केला तर नुसत्या मूळ पट्टीची छिद्रे पावणेपाच लाखांच्या घरात जातात. वाया गेलेली फिल्म आणि प्रती वेगळ्याच. दिवसभर स्वयंपाक, मुले, येणारे-जाणारे यांचे सारे आटोपून रात्री अंधाऱ्या खोलीत बसून ही बाई छिद्रे पाडीत असे. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत यंत्रे करीत ती कामे दादरला घरच्या बाईचे हात करीत होते. चित्रपट धुणे, पट्टी जोडणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा परावर्तित झोत पाडण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे, हेही त्या करीत. भारतातील पहिली चित्रपट तंत्रज्ञ कोण, असे विचारले तर उत्तर द्यायला फार विचार करावा लागू नये.

विम्यावरचे कर्ज तोवर संपत आले होते. भांडवल हवे तर दाखवायला काहीतरी हवे. फाळके यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. अंकुर फुटतो, रोप वर येते, वेल आधार शोधते, हे सारे मिनिटभरात डोळ्यांपुढे घडविणारी ती ‘अंकुराची वाढ’. पैसे लावणाऱ्यांना या माणसाला काय साधले आहे हे समजण्यास एवढे पुरेसे झाले. तरीही कर्जाला तारण हवेच होते. सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

इतिहासाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला होता. पहिलेपणाचा मान कोणाचा, हा वाद त्यामुळे अधूनमधून उठतो. ‘पुंडलिक’चे चित्रण परदेशी कॅमेरावाल्याने केले होते आणि फिल्म धुण्यास लंडनला गेली होती. तोरणे यांचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. पण फाळके यांनी जे साधले ते निराळे होते. त्यांनी धंद्यातील एकूण एक कसब या मातीत आणून दुसऱ्यांच्या हाती दिले.

हाताशी शिकलेला एकही माणूस नव्हता. कॅमेऱ्यासाठी त्र्यंबकेश्वरचे स्नेही त्र्यंबक तेलंग यांना त्यांनी तयार केले. हरिश्चंद्रासाठी रंगभूमीवरचे दत्तात्रय दाबके मिळाले. तारामतीसाठी मात्र वर्तमानपत्रात जाहिरात देऊनही स्त्री मिळेना. नाचगाणे करणाऱ्या स्त्रियांनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण त्यांना दिसला. बांधा नाजूक, हात लांबसडक. दहा रुपयांची नोकरी सोडून तो पंधरा रुपयांवर आला. साळुंके यांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनी केल्या, आणि नंतर ते कॅमेऱ्याच्या मागे जाऊन छायाचित्रकार झाले. खानावळीतून नट आणि नटातून तंत्रज्ञ. व्यवसायबदलाचा हा दुसरा प्रवास फाळके यांच्याच शाळेत घडला. रोहिदासाचे काम थोरला मुलगा भालचंद्र याने केले.

चित्रपटात काम करणे हे तेव्हा सांगण्यासारखे नव्हते. त्यामुळे विचारणाऱ्याला हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो असे सांगावे, अशी शिकवण मंडळींना दिलेली होती. कारखाना हा शब्द तसा चुकीचा नव्हता. मंडळी बंगल्याच्या आवारातच राहात, जेवत, आणि त्या सर्वांचे जेवणखाण सरस्वतीबाईंच्या चुलीवर होई. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांनी चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांना तो दाखविण्यात आला आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला.

यशानंतर फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट पाठोपाठ झाले. पहिल्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि पडद्यावर स्त्रिया आल्या. १९१४ साली फाळके आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. यावेळी हेपवर्थ यांच्यासमोर बसले ते परीक्षा द्यायला आलेल्या विद्यार्थ्यासारखे. हेपवर्थ यांनी चित्रपट पाहिले आणि तेथेच राहून आपल्यासाठी हिंदी चित्रपट काढावेत, खर्च आपण करू, पगार आणि नफ्यात वाटा देऊ, असा प्रस्ताव ठेवला. फाळके यांनी तो मानला नाही. नाशिकला माणसे त्यांच्यावर अवलंबून होती आणि हा धंदा स्वदेशात उभा राहावा हीच तर मूळ प्रतिज्ञा. ते परतले तो महायुद्ध सुरू झाले होते, कच्ची फिल्म मिळेनाशी झाली होती आणि सावकार दारात उभे होते.

‘लंकादहन’ने हे दिवस पालटले. १९१८ मध्ये भांडवलदारांच्या साथीने ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ निघाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि पाठोपाठ ‘कालिया मर्दन’ गाजले. दोहोंत कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. पण लोणावळ्याच्या छापखान्याचीच कथा पुन्हा घडली. खर्च किती, वेळ किती, यावरून भागीदारांशी वाद झाले आणि फाळके पुन्हा एकदा सर्व सोडून काशीला निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ साली ते परतले, पण कंपनीत पूर्वीची सत्ता उरली नव्हती. मला वाटते, दादासाहेबांना आयुष्यात प्रत्येक विद्येचा शिक्षक भेटला, पैशाच्या विद्येचा तेवढा भेटला नाही. की भेटला असता तरी त्यांनी त्याचे ऐकले नसते? हिशेब ठेवणाऱ्या माणसाविषयी त्यांच्या मनात अढी होती, असे त्यांचे चरित्र वाचताना पदोपदी जाणवते.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. साठी ओलांडलेल्या फाळके यांच्यासमोर पुन्हा एक व्यवसायबदल उभा राहिला. १९३२ चा त्यांचा ‘सेतुबंधन’ मूक होता. त्याला मागाहून आवाज जोडण्याची वेळ आली. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा एकमेव बोलपट दिग्दर्शित केला. आता मात्र ध्वनियंत्रणा, गाणी, संवाद ही सारी व्यवधाने दुसऱ्यांच्या हाती होती. सगळे स्वतः करणाऱ्याला त्यात जागा सापडणे अवघड होते, आणि हाताला धरून सारी दालने दाखविणारा कोणी हेपवर्थ या वेळी नव्हता.

हेपवर्थ यांचेही फार बरे झाले नव्हते. १९२४ साली त्यांची कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि त्यांच्या चित्रपटांची निगेटिव्ह चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. उरलेली वर्षे त्यांनी जाहिरातपट आणि चित्रपटांच्या झलकी तयार करण्यात काढली. ते १९५३ पर्यंत जगले. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना बव्हंशी विसरली होती. १९ वर्षांत ९५ चित्रपट आणि २६ लघुपट अशी त्यांच्या कामाची मोजदाद सांगितली जाते. त्यांतले अगदी थोडे शिल्लक आहेत.

जे शिल्लक आहे त्यात ‘चित्रपट कसे तयार करतात’ या १९१७ च्या लघुपटाचे तुकडे आहेत. त्यात दादासाहेब स्वतः दिसतात : नटांना शिकविताना, फिल्म तपासताना, कात्री घेऊन जोडणी करताना. वॉल्टनला पाच वर्षांपूर्वी जे पाहिले तेच ते आता प्रेक्षकांना उलगडून दाखवीत आहेत.